म्हातारे बैल, भाकड गाय आणि कायदे: मुरबाडच्या शेतकऱ्याने नेमकं करायचं काय?

वाटसरू_ठाणे
नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहतो, नोकरी इथेच, पण काकांची शेती मुरबाड तालुक्यात आहे आणि भातलावणीला अजून जातो. काकांच्या दावणीला दोन बैल आहेत, दोघंही थकलेत, आता नांगराला जुंपणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय. एक जर्सी संकरित गाय आहे, ती वर्षभर गाभण राहिली नाही म्हणून भाकड धरून चाललेत. चिखलणी गेली काही वर्षं भाड्याच्या पॉवर टिलरने होते.
प्रश्न सरळ आहे. ही तीन जनावरं विकायची तर कायद्याने कुणाला आणि कशी विकायची, कागद कुठले लागतात? आणि नाही विकायची तर सांभाळायला सरकारकडून एक रुपया तरी मिळतो का?
माझं मत आधीच सांगतो, मग भांडा. गेल्या दहा वर्षांत गुरांबद्दल जेवढे कायदे आणि जीआर आले त्यात जनावर कापू नका, असं न्या, तसं नेऊ नका, कानात नोंदणीचा बिल्ला लावा, हे सगळं आहे. पण काम संपलेल्या जनावराला रोज वैरण कोण घालणार याचं उत्तर एकाही कागदात नाही. ते काम गुपचूप शेतकऱ्याच्या गळ्यात टाकलेलं आहे. काकांचा जीव आहे त्या बैलांवर, त्यांना कसायाला द्यायचे नाहीयेत, हे पण लिहून ठेवतो म्हणजे विषय भलतीकडे जाणार नाही.

मीनल_घोडबंदर
विषय भलतीकडे जाणारच 😀 पण चांगला धागा काढलात.

वकीलसाहेब_वाशी
आधी कायदा काय आहे ते नीट घेऊ कारण अर्धी भीती ऐकीव माहितीची असते.
मूळ कायदा १९७६ चा, महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियम. त्यात गायीच्या कत्तलीला बंदी होतीच, पण बैल-वळू म्हातारे किंवा निकामी झाले असतील तर दाखला घेऊन परवानगी मिळायची. १९९५ ला विधिमंडळाने सुधारणा केली, ती राष्ट्रपतींच्या संमतीसाठी वीस वर्षं पडून होती, २०१५ च्या मार्चमध्ये लागू झाली. तेव्हापासून बैल आणि वळूही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत. म्हैस-रेडा यात नाही, त्यांना दाखल्याची जुनी पद्धत चालू आहे.
आता महत्त्वाचं. कायद्यात बंदी आहे ती कत्तलीसाठी विकण्यावर, विकत घेण्यावर आणि नेण्यावर. शेतीकामासाठी, दुधासाठी किंवा पाळण्यासाठी बैल-गाय विकायला आजही बंदी नाही. आणि ते कत्तलीसाठी नव्हतं हे आरोपीनेच सिद्ध करावं असं जे कलम होतं, ९ब, ते मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केलं. परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं ५ड पण त्याच निकालात गेलं. बाकी बंदी कोर्टाने कायम ठेवली.
त्यामुळे काकांना सांगा, विकणं गुन्हा नाही. कागद लागतात, ते नंतर लिहितो, आत्ता कोर्टात पुकारा व्हायची वेळ झाली.

शहापूरकर
वकीलसाहेब कागदावर सगळं बरोबर आहे तुमचं, पण रस्त्यावर कलम ९ब कोण वाचतंय? आमच्या शेजाऱ्याने खोंडांची जोडी विकत घेतली, पावती होती, डॉक्टरचा दाखला होता, तरी रात्री हायवेला गोरक्षक म्हणवणाऱ्या पोरांनी गाडी अडवली. ड्रायव्हरला मारहाण झाली, गाडी जमा, जनावरं गोशाळेत. आता गंमत बघा, २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, खटल्यातल्या जनावरांचे. केस चालू असेपर्यंत गोशाळेतल्या चाऱ्यापाण्याचा खर्च मालकाकडून घेता येतो. म्हणजे सुटका होईपर्यंत बैलांच्या किमतीपेक्षा खर्च मोठा. त्याने शेवटी जोडीवर पाणी सोडलं. लावणी डोक्यावर आली होती, तारखांना जाणार की शेत बघणार?
तेव्हापासून आमच्याकडे लांबून बैल कुणी आणत नाही. कायदा बदलला म्हणून नाही तर रस्ता बदलला म्हणून.

गोसेवक_डोंबिवली
मी स्वतः गोशाळेत सेवेला जातो म्हणून लिहितोय. मारहाण करणाऱ्याचं समर्थन कधीच करणार नाही, गाडी संशयास्पद वाटली तर पोलिसांना फोन करावा, एवढाच अधिकार आहे आपल्याला. पण दुसरी बाजू पण बघा ना. पिकअपमध्ये आठ-आठ गुरं कोंबलेली, पाय बांधलेले, शिंगं मोडलेली, डोळ्यांत मिरची घातलेली मी माझ्या हातांनी उतरवलीत. ती सगळी शेतीकामाला चालली होती का? २०१५ च्या आधी हे उघड चालायचं.
आणि शेण-गोमूत्राचं काय? बैल म्हातारा झाला तरी खत देतोच. सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी २००५ ला गुजरातच्या केसमध्ये हेच म्हटलंय, बैल कधीच निरुपयोगी होत नाही.

वकीलसाहेब_वाशी
सहा विरुद्ध एक होता तो निकाल. त्याआधी १९५८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने उलट म्हटलं होतं, की कामाचे न राहिलेल्या बैलांच्या कत्तलीवर सरसकट बंदी वाजवी नाही. २००५ ला ते फिरवलं. घटनेच्या अनुच्छेद ४८ चा (गायी-वासरं आणि दुभत्या-जुंपायच्या जनावरांची कत्तल रोखायला सरकारने पावलं उचलावीत, असं सांगणारा) आधार दोन्हीकडे होताच. हे सांगतोय अशासाठी की शेणाची किंमत वैरणीपेक्षा जास्त की कमी हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पन्नास वर्षं घोळला, इथे एका धाग्यात तो मिटणार नाही.

वाटसरू_ठाणे
@गोसेवक दादा, शेणाचं मान्य. काका शेणखतच टाकतात, युरिया नावाला. पण हिशोब करा की. एक मोठं जनावर दिवसाला पाच-सहा किलो सुका चारा खातं, वर पंधरा-वीस किलो हिरवा लागतो, तो पावसाळ्यात माळावर मिळतो, होळीनंतर कुठून आणायचा? भात एकदाच होतं आमच्याकडे. त्याचा पेंढा तीन जनावरांत संपला तर दुभत्या म्हशीला काय घालायचं? आणि माळ तरी कुठे राहिलेत, अर्ध्या माळांवर फार्महाऊसची कुंपणं आहेत.

डॉ_जोशी_निवृत्त
पशुधन विकास अधिकारी म्हणून जिल्ह्यात काम केलंय, आता ठाण्यातच असतो. वाटसरू, तुमच्या गायीबद्दल आधी बोलू दे, बाकी कायदा नंतर.
"भाकड" हा शिक्का फार लवकर मारला जातो. संकरित गाय वर्षभर गाभण नाही म्हणजे ती संपली असं नाही. आपल्या पट्ट्यात पाऊस जास्त, जमिनीतली खनिजं धुऊन जातात, नुसत्या पेंढ्यावर जनावर असेल तर फॉस्फरस, तांबं कमी पडतं आणि ती माजावरच येत नाही. किंवा मुका माज असतो, रात्री येऊन जातो, कुणाला कळत नाही. किंवा गर्भाशयात दाह असतो. जंत असतात. यातलं बरंचसं बरं होतं. दवाखान्यात नेऊन तपासा, जंताचं औषध द्या, खनिज मिश्रण रोज पन्नासेक ग्रॅम दोन-तीन महिने चालू ठेवा. मग ठरवा भाकड आहे का. मी अशा कितीतरी गायी पुन्हा दुधावर आलेल्या बघितल्यात, ज्यांचा सौदा झालेला होता.
आणि पुढच्या वेळी रेतन करताना लिंगनिर्धारित रेतमात्रा मागा. साधारण नव्वद टक्के वेळा कालवडच होते, सरकारी योजनेत सवलतीत मिळते. गोऱ्ह्यांचा प्रश्न जन्माआधी सुटलेला बरा, जन्मल्यावर त्याला दूध तोडून मारण्यापेक्षा. हो, हे होतं, जर्सी-होल्स्टीनच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही म्हणून जू नीट बसत नाही, उन्हात धापा टाकतो, शेतीला कुणी घेत नाही, मग त्याला उपाशी ठेवलं जातं. ही क्रूरता कुठल्याच एफआयआरमध्ये येत नाही.

मीनल_घोडबंदर
डॉक्टर, शेवटचं वाक्य वाचून काटा आला. मी भटक्या जनावरांसाठी काम करते, कुत्री-मांजरी जास्त, पण घोडबंदर रोडला मोकाट गायी आणि गोऱ्हे रोज बघते. प्लास्टिक खातात. ट्रकने उडवलेले उचललेत आम्ही. हे गोऱ्हे येतात कुठून तर तिथूनच.
मला कायद्यात सगळ्यात जास्त खुपतं ते हे की बैल कत्तलीसाठी विकला तर पाच वर्षं, आणि तोच बैल उपाशी ठेवला, मारला, पाय मोडेपर्यंत जुंपला तर १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास! साठ सालापासून तोच आकडा. २०२२ ला केंद्राने सुधारणेचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता, आम्ही सगळ्यांनी सूचना पाठवल्या, अजून वाट बघतोय.

घणसोलीचा_पाटील
तुम्ही सगले म्हातारे बैलांचा बोलताव, आमचे बैल बघा कसे तयार केलेत. आमच्याकडे बैल आता शर्यतीचाच. पयले भात होता, मिठागरा होती, बैल शेतात पण जायचा न गाडीला पण. सिडकोने सत्तर साली जमिनी घेतल्या, ९५ गावांच्या, त्यानंतर बैल ठेवायचा कशाला? शर्यतीसाठी. बंदी होती तवा लोकांनी बैल विकले, कुठं गेले देवाला ठाऊक. शर्यत चालू झाली तशी पुन्हा दावणी भरल्या. खिलार जोडी चांगली पळाली तर लाखांत किंमत होते. दूध, अंडी, उडीद खाऊ घालतो बैलाला, घरातल्या पोराच्या आधी.

मीनल_घोडबंदर
पाटील दादा, खाऊ घालता हे मान्य, पण शेपूट पिरगाळणं, खिळ्याची काठी, बॅटरीचा शॉक हे पण बघितलंय ना आपण सगळ्यांनी व्हिडिओत?

घणसोलीचा_पाटील
ताई जो शॉक देतो त्याला आमीच हाकलतो मैदानातून. नियम हायेत ना.

वकीलसाहेब_वाशी
नियम खरंच आहेत, आणि कडक आहेत. क्रम असा: सुप्रीम कोर्टाने मे २०१४ ला बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ ला केंद्राच्या क्रूरता कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, उच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र तिघांचेही कायदे वैध ठरवले. धाव हजार मीटरच्या वर नाही, आयोजकाने पन्नास हजार अनामत ठेवायची, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची, बैलाची डॉक्टरकडून तपासणी, चाबूक-काठी काही नाही. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. मीनलताई, तुमचे पन्नास रुपये आणि हे पाच लाख, दोन्ही एकाच मूळ कायद्याच्या छत्राखाली आहेत बघा.

शहापूरकर
आणि अंबरनाथला २०२२ ला शर्यतीच्या वादातून गोळ्या झाडल्या, ते कुठल्या नियमात बसतं?

घणसोलीचा_पाटील
तो माणसांचा वाद, बैलाचा नाय.

तबेला_कल्याण
म्हशीवाल्यांचं पण ऐका जरा. आमचा तबेला कल्याणच्या बाहेर, वडिलांपासून. म्हैस २०१५ च्या कायद्यात नाही, बरोबर? तरी २०२५ च्या पावसाळ्यात काय झालं, वाहनं अडवणं आणि मारहाण इतकी वाढली की कुरेशी समाजाच्या व्यापाऱ्यांनी राज्यभर जनावरं घेणंच बंद केलं. म्हशी, रेडे, सगळंच. आमची आटलेली म्हैस कुणी घेईना. आमचा धंदा असा चालतो की दूध आटलं की ती म्हैस विकायची आणि त्यात भर घालून हरयाणा-गुजरातची ताजी व्यालेली आणायची. विक्रीच थांबली तर नवी कुठून आणू? रोजची पेंड, भुसा, सरकी तर थांबत नाही. आठवडी बाजार ओस पडले होते. व्यापाऱ्याचं नुकसान झालं तसंच शेतकऱ्याचं झालं, दोघं एकाच दोरीला बांधलेत.
चांगलं पण सांगतो. त्याच २०२५ च्या जुलैत सरकारने पशुसंवर्धनाला शेतीसमान दर्जा दिला, शंभर दुभत्या जनावरांपर्यंत, पाचशे शेळ्या-मेंढ्यांपर्यंत, पंचवीस हजार ब्रॉयलरपर्यंत. म्हणजे वीज शेतीच्या दराने, ग्रामपंचायतीचा कर एकसारखा, कर्जाच्या व्याजात सवलत. ही मागणी किती वर्षांची होती. बिलात अजून उतरायचंय, पण दिशा योग्य आहे असं मी म्हणेन.

ऐरोलीकर_स्नेहा
पोल्ट्रीवरून आठवलं, २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला तेव्हा हजारो कोंबड्या नष्ट केल्या होत्या, आमच्या मावशीच्या परसातल्या गावठी कोंबड्या पण गेल्या, आजारी नव्हत्या पण एक किलोमीटरच्या आत होत्या. भरपाई मिळाली, पण ती जात पुन्हा मिळाली नाही तिला. तसंच कबुतरखान्यांचं काय झालं बघा मुंबईत, आणि भटक्या कुत्र्यांचं सुप्रीम कोर्टात. आमच्या सोसायटीत तर खायला घालणारे विरुद्ध न घालणारे असे दोन व्हॉट्सॲप ग्रुप झालेत.

मीनल_घोडबंदर
कुत्र्यांवर नवा धागा काढू प्लीज, इथे काढलात तर मी रात्रभर लिहीत बसेन.

गोसेवक_डोंबिवली
मूळ विषयावर येतो. ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गायीला राज्यमाता-गोमाता घोषित केलं, आणि त्याच सुमारास गोशाळांना देशी गायीमागे दिवसाला ५० रुपये अनुदान ठरलं. २०२३ च्या कायद्याने गोसेवा आयोग झाला. म्हणजे सांभाळायला सरकार काहीच देत नाही हे वाटसरूंचं म्हणणं पूर्ण खरं नाही.

वाटसरू_ठाणे
दादा, तिथेच तर माझं दुखणं आहे. ते पन्नास रुपये नोंदणीकृत गोशाळेला मिळतात, तेही देशी गायीसाठी. माझ्या काकांनी तीच गाय स्वतःच्या गोठ्यात ठेवली, आयुष्यभर सांभाळली, तर त्यांना शून्य. आणि त्यांची जर्सी तर त्या घोषणेत बसतच नाही. म्हणजे सरकार म्हणतं की जनावर दावणीवरून सोडून गोशाळेत टाका, मग पैसे देतो. उलट असायला हवं ना? ज्याच्या घरी ते जनावर जन्मलं, जो त्याला नावाने हाक मारतो, त्यालाच ते पन्नास रुपये द्या, कानातला बिल्ला बघून, थेट खात्यात. गोशाळेच्या दारात गर्दी पण होणार नाही. लम्पी या गुरांच्या त्वचारोगाच्या वेळी २०२२ ला सरकारने मेलेल्या गायीला तीस हजार, बैलाला पंचवीस, वासराला सोळा दिले, शेतकऱ्याच्या हातात दिले. मेल्यावर देता येतात तर जिवंत असताना का नाही?

गोसेवक_डोंबिवली
हे मात्र पटलं. आमच्या गोशाळेत जागाच नाही, रोज फोन येतात, नाही म्हणताना वाईट वाटतं. पन्नास रुपयांत आम्हालाही परवडत नाही, दानावरच चालतं. शेतकऱ्याला घरीच आधार दिला तर आमचं ओझं अर्ध्यावर येईल. देशी-संकरित भेद मी तरी करणार नाही, भूक दोघींना सारखीच.

तबेला_कल्याण
मला नाही पटत. पन्नास रुपयांनी काही होत नाही, दोन वर्षांत अनुदान थकणार आणि जनावर पुन्हा रस्त्यावर. बंगालमध्ये १९५० पासून चौदा वर्षांवरच्या किंवा कायमच्या निकामी जनावराला दाखला देऊन परवानगी आहे. आपल्याकडे पण २०१५ पर्यंत बैलाला होतीच. शेतकऱ्याला ठरवू द्या. ज्याला सांभाळायचं तो सांभाळेल, ज्याला जमत नाही त्याला उपाशी मारायला लावू नका.

गोसेवक_डोंबिवली
इथे आपलं जमणार नाही दादा. पण वाद शांतपणे घातलात, आभार.

डॉ_जोशी_निवृत्त
२०१९ च्या पशुगणनेत राज्यातले गोवंशीय १ कोटी ३९ लाखांवर आले, आधीच्या गणनेपेक्षा दहा टक्क्यांनी कमी. सगळं कायद्यामुळे असं म्हणणार नाही, टिलर-ट्रॅक्टर आहे, चराई गेली, पोरं शहरात आली. पण डांगीसारखी जात, जी आपल्या घाटातल्या पावसात भिजत काम करते, अंगावर तेलकट थर असतो तिच्या, ती पाळणारे कमी झाले तर पुन्हा कुठून आणणार? जो बैल पुढे विकता येईल का याचीच खात्री नाही, तो शेतकरी मुळात घेतच नाही. संरक्षण करायला निघालो आणि दावणीच रिकाम्या झाल्या, हे मला नोकरीत असतानाही दिसत होतं, वरिष्ठांना लिहिलंही होतं.

वकीलसाहेब_वाशी
राहिलेले कागद. वाटसरू, टिपून घ्या.
सगळ्यात आधी बिल्ला. पिवळा, बारा अंकी. १ जून २०२४ पासून बिल्ला नसेल तर राज्यात खरेदी-विक्री, वाहतूक आणि सरकारी दवाखान्यातल्या सेवाही अडतात. नोंद भारत पशुधन प्रणालीवर असते, विक्री झाली की मालकाचं नाव तिथे बदलून घ्या, ते विसरू नका, पुढे काही झालं तर जनावर तुमच्याच नावावर निघेल. मग पशुवैद्यकाचा दाखला, जनावर प्रवासाला योग्य असल्याचा. बाजारातून घेतलं असेल तर बाजार समितीची पावती, घरून विकलं तर साध्या कागदावर सौदाचिठ्ठी, त्यात घेणाऱ्याचा सातबारा जोडा आणि शेतीकामासाठी असं स्पष्ट लिहा. वाहनात मोठ्या जनावराला दोन चौरस मीटर जागा लागते, म्हणजे पिकअपमध्ये दोनच. दिवसाउजेडी न्या.

शहापूरकर
आणि जवळ विका, लांब नकोच. आमच्या डोंगराकडच्या पाड्यांवर ठाकूर-कातकरी शेतकरी आहेत, खाचरं एवढीशी आणि उतारावर, तिथे टिलर चढत नाही. थकलेला बैल पण हलक्या मातीत दोन-तीन पावसाळे काढतो. किंमत कमी मिळेल. पण चालत नेता येतो, गाडीच लागत नाही. काकांच्या बैलांचे दात-खूर कसे आहेत? म्हसा गावच्या जत्रेला पौष पौर्णिमेला आणलेत तर तिथेही गिऱ्हाईक मिळेल, मुरबाडला जवळच आहे.

वाटसरू_ठाणे
एक बैल अजून बरा आहे, खूर चांगले आहेत. तो असा देता येईल, काकांशी बोलतो. दुसऱ्याचा पुढचा पाय दुखतो, तो कुणाला देणार नाही, तो घरीच राहील. गायीला या शनिवारी दवाखान्यात नेतो डॉक्टर. तुमचं खनिज मिश्रणाचं लिहून घेतलंय.

ऐरोलीकर_स्नेहा
वाटसरू, काका शेणखत विकतात का? आमच्या सोसायटीच्या गच्चीवर भाजीचे वाफे आहेत, ऑनलाइन जे "सेंद्रिय खत" येतं त्यात निम्मी माती असते. चांगलं कुजलेलं मिळालं तर आम्ही पाच-सहा घरं मिळून दर दोन महिन्यांनी गोणी घेऊ. पैसे त्या घरीच राहणाऱ्या बैलाच्या पेंढ्याला लावा.

मीनल_घोडबंदर
आमच्याकडे पण लिहा. तीन सोसायट्यांची नावं देते मेसेजमध्ये.

वाटसरू_ठाणे
उकिरडा मोठा आहे, गेल्या वर्षीचं कुजून तयार आहे. गोणीचा भाव काकांना विचारून उद्या इथेच टाकतो. गाडी रविवारी ठाण्याला रिकामीच परत येते, त्यात येईल.

घणसोलीचा_पाटील
पाय दुखणाऱ्या बैलाला तिळाचे तेलात हळद गरम करून चोला, आमी धावपट्टीवरून आला का तेच करतो. डॉक्टर, चालेल ना?

डॉ_जोशी_निवृत्त
चोळा, नुकसान नाही, तेल कोमट मात्र हवं. पण आधी खूर उचलून बघा, आत खडा किंवा जखम असेल तर तेलाने काही होणार नाही. शनिवारी गायीबरोबर त्यालाही न्या. लांब असेल तर चालवू नका, दवाखान्यात फोन करून डॉक्टरांनाच गोठ्यावर बोलवा, आणि बिल्ला नसेल तर त्याच फेरीत मारून घ्या.